बाबांसाठी गाणी विकत घ्यायचीत, फाईल हातात येईल अशी. कुठून घेऊ?

रातांबा
शनिवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझे बाबा ७६ वर्षांचे. आई-बाबा दोघंच गावी असतात, राजापूरच्या पुढे आत, मी ठाण्यात. घरात रेंज नाही, अंगणातल्या फणसाखाली उभं राहिलं तरच फोन लागतो आणि पावसात तेही नाही. बाबांना नाट्यसंगीत आणि ख्याल याशिवाय करमत नाही. जुना टेपरेकॉर्डर होता तो बिघडला म्हणून मी गेल्या दिवाळीत त्यांच्या फोनवर एका म्युझिक ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन दिलं आणि ठाण्यातल्या वायफायवर बसून साधारण ३०० गाणी डाउनलोड करून दिली. मला वाटलं काम झालं.

जुलैमध्ये गावात सलग दोन-तीन आठवडे नेट नव्हतं. एक दिवस शेजारच्या फोनवरून बाबांचा फोन आला, "अगं, गाणी दिसतायत, नावं सगळी आहेत, पण वाजत नाहीत." मी विचारलं काय दिसतंय, तर म्हणाले सगळी राखाडी झालीत. मग मला विचारलं, "तू पैसे भरले होतेस ना?" मला फार वाईट वाटलं हो. पैसे भरले होते, गाणी फोनमध्ये होती, आणि तरी तो माणूस ऐन श्रावणात शांत घरात बसून होता.

तर प्रश्न असा की मला गाणी भाड्याने नकोत, विकत हवीत. पेनड्राइव्हवर टाकून देता येईल अशी. चोरून नकोत, बाबांना ते चालणारच नाही, त्यांनी आयुष्यभर कॅसेट पदरचे पैसे देऊन घेतल्यात. भारतात बसून हे आज करता येतं का?


खर्ज
शनिवार, सकाळी १०:०५

करता येतं. पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळा घोळ 'डाउनलोड' या एका शब्दात आहे. स्ट्रीमिंग ॲपमध्ये तुम्ही डाउनलोडचा बाण दाबता तेव्हा फोनमध्ये येते ती कुलूपबंद फाईल. किल्ली ॲपकडे. बहुतेक ॲपना ठरावीक दिवसांनी, साधारण महिन्यातून एकदा तरी, नेटला जोडून 'या माणसाचे पैसे चालू आहेत ना' हे विचारावं लागतं, नाही विचारता आलं की किल्ली फिरत नाही. तुमच्या बाबांचं तेच झालं. ती फाईल फोनमध्ये असून बाबांची कधीच नव्हती.

विकत घ्यायचं तर भारतात सगळ्यात मोठा साठा आयट्यून्स स्टोअरवर आहे. ॲपलने ते अमेरिकेत २००३ मध्ये सुरू केलं, आपल्याकडे यायला डिसेंबर २०१२ उजाडलं. सुरुवातीला इथे १२-१५ रुपयांना गाणं मिळायचं, आत्ताचा भाव घेताना बघून घ्या. गाण्यांवरचं कुलूप त्यांनी २००९ मध्येच काढलं, त्यामुळे विकत घेतलेली फाईल २५६ केबीपीएसची साधी एएसी (एमपीथ्रीसारखाच एक प्रकार) फाईल असते, कुठेही कॉपी करा, कितीही वेळा वाजवा. नाट्यसंगीत, भावगीतं, ख्याल, जुन्या रेकॉर्ड कंपन्यांचा माल तिथे भरपूर आहे.

आता सावध राहायची जागा. ॲपल म्युझिक हे सबस्क्रिप्शन वेगळं आणि आयट्यून्स स्टोअर हे दुकान वेगळं. अँड्रॉइडवरच्या ॲपमधून दुकानात जाता येत नाही, आयफोनवर 'आयट्यून्स स्टोअर' नावाचं स्वतंत्र ॲप आहे नाहीतर विंडोजच्या लॅपटॉपवर आयट्यून्स टाका. घेतल्यावर फाईलवर राइट क्लिक करून माहिती बघा, 'पर्चेस्ड एएसी ऑडिओ फाईल' लिहिलेलं असेल आणि नावाच्या शेवटी एम४ए असेल तर ती तुमची. एम४पी दिसलं तर ती भाड्याची.


बाभूळझाड
शनिवार, सकाळी १०:४०

एवढा उपद्व्याप कशाला ताई? यूट्यूबवर सगळं आहे, उतरवून देणाऱ्या पन्नास साइट आहेत. बाबा कुठे विकणारेत पुढे, घरीच ऐकणार ना.


रातांबा
शनिवार, सकाळी ११:०२

@बाभूळझाड, दादा, सोपं आहे हे मलाही माहितीये. पण बाबांना मी एकदा असंच आणून दिलं होतं तर त्यांनी विचारलं की यात गाणाऱ्याला काय मिळालं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरं म्हणजे त्या फाईलचा दर्जा. कुणीतरी कॅसेटवरून चढवलेलं, मध्येच तुटलेलं, शेवटी कुणाच्या चॅनेलची जाहिरात. ७६व्या वर्षी मालकंसाच्या मध्यात घंटी वाजून 'सबस्क्राइब करा' ऐकायला लावायचं नाहीये मला त्यांना.


तळटीप
शनिवार, दुपारी १:३०

कायद्याचं थोडं सांगते, रोजचं काम आहे म्हणून.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये स्वतःच्या खाजगी वापरासाठी रास्त वापराची मुभा आहे. तुम्ही विकत घेतलेल्या सीडीची घरच्या घरी ऐकायला फाईल करून पेनड्राइव्हवर टाकलीत तर माझ्या मते ते यात बसतं. पण रास्त वापर म्हणजे कुठूनही काहीही उचला असं नाही, आणि यूट्यूबच्या अटींमध्ये परवानगीशिवाय उतरवून घ्यायला स्पष्ट मनाई आहे. आणि हक्क मोडण्याच्या हेतूने फाईलचं कुलूप तोडणं हा २०१२ च्या दुरुस्तीपासून, कलम ६५अ नुसार, गुन्हा आहे. तेव्हा 'भाड्याच्या फाईलचं कुलूप काढून देतो' असं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

आता तुमच्या बाबांच्या कामाची गोष्ट. ध्वनिमुद्रणावरचा हक्क भारतात प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६४ पर्यंत प्रकाशित झालेल्या रेकॉर्ड २०२५ लागल्यापासून मोकळ्या झाल्या. मात्र शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो लिहिणारा किंवा चाल देणारा गेल्यानंतर ६० वर्षं. किर्लोस्कर १८८५ ला गेले, देवल १९१६ ला, त्यामुळे त्यांची पदं जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर असतील तर प्रश्नच नाही. पण गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे १९५५ ची रेकॉर्ड मोकळी झाली तरी त्यातले त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत मोकळे नाहीत. हे दोन थर लोक कायम एकात मिसळतात.

इंटरनेट आर्काइव्ह नावाच्या साइटवर जुन्या तबकड्या खूप सापडतात, पण तिथे आहे म्हणून मोकळी आहे असं धरू नका, प्रत्येकीचं साल बघा.


जुनी_कॅसेट
शनिवार, दुपारी ३:१५

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी पुण्याचा. आमच्या कॉलेजच्या दिवसांत अलूरकर म्युझिक हाऊसमध्ये जाऊन कॅसेट घ्यायची म्हणजे निम्मा दिवस जायचा, कारण नुसती विकत मिळायची नाही, आधी कुणाची घ्यावी, कुठला राग आधी ऐकावा याच्या गप्पा व्हायच्या आणि मग आपण हातातली ठेवून दुसरीच घेऊन घरी यायचो. मुंबईला गेलो की काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस ठरलेलं. तेही फेब्रुवारी २०१६ च्या शेवटी बंद झालं. दुकानं गेली पण मी तिथून आणलेल्या कॅसेट माझ्या कपाटात आहेत, आजही वाजतात. मुद्दा एवढाच आहे.

आणि हे फाईललाही लागू आहे बरं का. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं, बिनकुलपाच्या एमपीथ्री विकायचे. वर्ष-सव्वा वर्षात, जून २०१३ मध्ये, बंद केलं आणि लोकांना ऑगस्टपर्यंत आपापली गाणी उतरवून घ्या म्हणून सांगितलं. मी तिथून ४० एक गाणी घेतली होती, घेतल्या दिवशीच उतरवून सीडीवर जाळून ठेवली होती. ती सगळी आज माझ्या गाडीत वाजतात. दुकान बंद होऊन दहा वर्षं उलटून गेली तरी.

म्हणून रातांबा ताई, विकत घेतलंत की त्याच दिवशी उतरवा. 'आपल्या अकाउंटला आहे, लागेल तेव्हा घेऊ' असं म्हणू नका. रेकॉर्ड कंपनीने दुकानातून माल काढून घेतला तर विकत घेतलेलंही परत उतरवता येईल याची खात्री नसते. घरी दोन ठिकाणी आणि घराबाहेर एका ठिकाणी अशा तीन प्रती ठेवा. मी तिसरी डिस्क बहिणीकडे कोल्हापूरला ठेवलीय.


म्युनिककर
शनिवार, रात्री ८:५०

इथे जर्मनीत कोबझ वापरतो, फ्रेंच कंपनी आहे, सीडीच्याच दर्जाच्या फ्लॅक फाईल विकत देतात, काही अल्बम त्याहून वरच्या दर्जाचे. हिंदुस्थानी संगीतही बऱ्यापैकी आहे. पण त्यांचं दुकान भारतात नाही, आणि आयट्यून्सचं अकाउंटही ज्या देशाचं त्याच देशाचं कार्ड मागतं, म्हणून परदेशातल्या भावा-बहिणीच्या अकाउंटवरून घेऊ असा विचार असेल तर त्यात गुंतागुंत आहे. मी तरी घरच्यांसाठी बँडकॅम्प वापरतो, गाणारे स्वतःच आपली गाणी विकतात अशी साइट आहे, तिथे देशाची अट नाही. २००८ पासून आहे. एकदा पैसे दिले की एमपीथ्री, फ्लॅक, वेव्ह, जो हवा तो प्रकार निवडून उतरवा, नंतर दुसरा प्रकार हवा झाला तरी परत उतरवू देतात.

फक्त डॉलर-युरोत पैसे जातात. तुमच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील, २०२० पासून नवीन कार्डावर ते बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करा आणि काम झालं की परत बंद करा.


षड्जपंचम
रविवार, सकाळी ७:२०

मी गाते. म्हणजे व्यवसायाने गाते, शिकवते, आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या तीन रागांचं रेकॉर्डिंग बँडकॅम्पवर ठेवलं. बाबांनी विचारलेल्या त्या एका प्रश्नासाठी लिहितेय, गाणाऱ्याला काय मिळतं.

डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प १५ टक्के घेतं, वर पैसे पोचवण्याचा खर्च, असं करून साधारण शंभरातले ८२ गाणाऱ्याकडे येतात असं ते स्वतः सांगतात, माझाही अनुभव तसाच. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागले तेव्हा त्यांनी ठरावीक शुक्रवारी आपला वाटाच सोडायला सुरुवात केली, तो बँडकॅम्प फ्रायडे अजून अधूनमधून असतो. मी किंमत ५ डॉलर ठेवली होती. त्यावर 'जास्त द्यायचे असतील तर द्या' अशी सोय असते. पहिल्याच महिन्यात एका काकांनी १२ डॉलर दिले आणि सोबत चिठ्ठी, की तुमच्या बिहागमधला तीव्र मध्यम आम्ही दोघांनी तीनदा मागे घेऊन ऐकला. स्ट्रीमिंगवर माझी तीच चीज कितीतरी जास्त लोकांनी ऐकलीय. त्याचे पैसे येतात ते एका वेळच्या रिक्षाला पुरत नाहीत, आणि कुणी ऐकलं, कुठे थांबून ऐकलं, यातलं मला काहीच कळत नाही. त्या १२ डॉलरमधून मी तबलजींना बाकी राहिलेलं मानधन दिलं.

गेलेल्या कलाकारांचं रेकॉर्ड कंपनीकडून घ्या, ते योग्यच आहे. पण आज गाणारं कुणी आवडलं तर कृपा करून थेट त्यांच्याकडून घ्या. पुण्या-मुंबईतले, धारवाडचे, गोव्याचे कितीतरी जण आता स्वतः फाईल विकतात, कुणाचं पान नसेल तर सरळ निरोप पाठवून विचारा, आनंदाने देतात.


बाभूळझाड
रविवार, सकाळी ९:०५

@षड्जपंचम ताई, वाचलं. कालचा माझा प्रतिसाद मी मागे घेतो. तुमच्या पानाची लिंक खाजगी निरोपातून द्याल का?


रातांबा
गुरुवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आयफोन भाचीचा, यूपीआयने बॅलन्स भरला, आयट्यून्सवरून ६१ गाणी घेतली. बँडकॅम्पवरून षड्जपंचम ताईंचं आणि आणखी एक, असे दोन अल्बम. १९६४ च्या आधीच्या, साल नीट तपासून, ९ तबकड्या. बाबांना यूएसबीवाला रेडिओ घेऊन दिलाय. पेनड्राइव्ह लावला तर रेडिओ नुसता लुकलुकतो, काही वाजत नाही. लॅपटॉपवर सगळं वाजतंय. शनिवारी गावी जायचंय, काय चुकलं?


खर्ज
गुरुवार, रात्री ११:१०

काही चुकलं नाही, स्वस्तातल्या रेडिओंना नखरे असतात. चार गोष्टी करा.

पेनड्राइव्ह बहुतेक एक्सफॅट फॉरमॅटमध्ये (फाईल साठवायची एक पद्धत) असेल, ६४ जीबीचा वगैरे. हे रेडिओ फॅट३२ च ओळखतात. ३२ जीबीचा किंवा त्याहून लहान घ्या, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. दुसरं, एम४ए आणि फ्लॅक त्याला कळत नाही, त्यामुळे या प्रतीपुरतं सगळं एमपीथ्री ३२० मध्ये बदला. मूळ फाईल मात्र तशाच लॅपटॉपवर जपून ठेवा, कारण एएसीचं एमपीथ्री करताना थोडं गळतंच, उद्या चांगला प्लेअर घेतलात तर मूळ लागेल. ३२० ला मिनिटाला २.४ एमबी जागा जाते, म्हणजे २५ मिनिटांचा ख्याल ६० एमबी, अख्खा संग्रह ३२ जीबीत सहज मावेल.

तिसरं, हे रेडिओ फाईलच्या नावांच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी झालं त्या क्रमाने वाजवतात. म्हणून नावापुढे ००१, ००२ टाका आणि त्याच क्रमाने एकेक करून कॉपी करा, सगळं एकदम ओढून टाकलंत की क्रम विस्कटतो. चौथं, देवनागरी नावं त्याच्या पडद्यावर चौकोन दिसतील, फाईलचं नाव रोमन लिपीत ठेवा. एमपीथ्रीटॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, एका दमात सगळ्यांची नावं बदलतं.


जुनी_कॅसेट
शुक्रवार, सकाळी ६:४०

अवांतर: बडा ख्याल (विलंबित, म्हणजे संथ) आणि छोटा ख्याल (द्रुत, म्हणजे जलद) दुकानात बरेचदा दोन वेगळ्या फाईल करून विकतात. एमपीथ्री करताना दोन्हीच्या कडेला बारीकशी शांतता चिकटते, मग विलंबितची शेवटची सम येते न येते तोच एक खाच पडते आणि मग द्रुत सुरू होतं. ऐकणाऱ्याला ते दाताखाली खडा आल्यासारखं लागतं. ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही मूळ फाईल जोडून एकच करा आणि मग एमपीथ्री करा. बाबा ख्याल ऐकणारे आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय.


तळटीप
शुक्रवार, सकाळी ८:१५

वाचनखूण साठवली. शनिवारी काय झालं ते नक्की लिहा.


रातांबा
सोमवार, रात्री ९:४५

काल रात्री परत आले. वाजतोय!

शुक्रवारी रात्री दोन वाजेपर्यंत जागून जोडाजोड केली. ख्यालांच्या अकरा जोड्या होत्या, अकराही जोडल्या. त्यातल्या एका मारव्याला दुकानातच चुकीच्या गायकाचं नाव होतं, ते बाबांनी पहिल्या आलापात ओळखलं, मी तिथेच बसून नाव दुरुस्त केलं. @जुनी_कॅसेट काका, सम आली आणि द्रुत लगेच उचललं तेव्हा बाबांचा हात मांडीवर होता, तो थांबला नाही. तुमचं म्हणणं तेव्हा कळलं.

बाबांनी शाळेच्या जुन्या वहीत दोन रकाने आखलेत, एकात नंबर, दुसऱ्यात राग आणि गायक. ८७ ओळी झाल्या. रेडिओच्या पडद्यावर नंबर दिसतो तेवढा त्यांना पुरतो. बिलांचे ईमेल मी छापून नेले होते, ते त्यांनी वहीच्या मागच्या पानाला डकवलेत. षड्जपंचम ताई, तुमचा बिहाग ०७१ आहे, आणि चिठ्ठी लिहायची असते हे मी सांगितल्यावर बाबा म्हणाले आधी चार वेळा ऐकू दे, मग लिहितो.

दोन प्रती केल्यात, एक रेडिओला लावलेली आणि एक आईच्या तांदळाच्या डब्याशेजारी बरणीत, दमट हवेत बरी राहावी म्हणून. मूळ फाईल माझ्याकडे ठाण्यात.

आता आईची यादी आलीय. तिला कीर्तनं हवीत, नारदीय, पूर्वरंग-उत्तररंग दोन्ही असलेली, तुकडे नकोत. पैसे देऊन फाईल देणारं कुणी माहीत आहे का? कीर्तनकार स्वतः देत असतील तर उत्तमच.